ती बाई कोण?

माझ्या कादंबरीचं हस्तलिखित परत आलं तेव्हा त्याला दोन रबरबँड होते. मी लावला होता एकच. म्हणजे निदान कुणीतरी गठ्ठा सोडून पाहिला होता, एवढं समाधान. सात महिने वाट पाहिली होती. आठवड्याला एक फोन, आणि पलीकडून दर वेळी तेच, "वाचन चालू आहे ताई." प्रकाशकाचं नाव सांगत नाही. 312 पानांच्या त्या गठ्ठ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर चार वाक्यं:

"विषय चांगला आहे. माहिती भरपूर आहे. सगळी माणसं एकाच बाईसारखी बोलतात. ती बाई कोण?"

नवरा म्हणाला, "विषय चांगला आहे म्हटलंय ना, मग?" मी तीन आठवडे त्या गठ्ठ्याकडे बघितलं नाही. भांडुपच्या आमच्या घरात गठ्ठे ठेवायला जागा दोनच, शिलाई मशीनखाली किंवा देवघराच्या कपाटात. मी तो मशीनखाली सरकवला.

विषय खरंच चांगला होता, कारण तो मी शोधलेला नव्हता. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, बाहेर गॅलरीत शेगडी, आणि दोन पाळ्यांचे मिळून बावीस मेंबर. कापडगिरणीत काम करणारे एकटे गडी, बायकामुलं गावी. झोपायला गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत आणि जेवायला आजीकडे. अशा शेकडो बायका तेव्हा गिरणगावात होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं आणि सावकार सुटावा म्हणून. मग 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण गडी गावाला निघून गेल्यावर खानावळवालीच्या उधारीचं काय झालं, याकडे कुणी फारसं बघत नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. भोंगा वाजायचा बंद झाला हे मला कळलं नव्हतं. आजी मोठं पातेलं काढेनाशी झाली, हे कळलं होतं.

तर हे सगळं मी लिहिलं होतं. चार वर्षं, पहाटे पाच ते साडेसहा, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून. आणि ते वाचून एका अनोळखी माणसाला प्रश्न पडला होता की ही बोलणारी बाई कोण.

उत्तर मला कोर्टात मिळालं. मी उपनगरातल्या एका दंडाधिकारी न्यायालयात लघुलेखक आहे. कोर्टातली साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरांच्या रूपात उतरवत नाहीत, कथनरूपात उतरवतात. वकील विचारतो, "तुम्ही त्या वेळी खिडकीत होता?" साक्षीदार मान हलवतो. साहेब, म्हणजे दंडाधिकारी, सांगतात, मी टंकते: "मी त्या वेळी खिडकीत होतो." सरतपासात, म्हणजे साक्षीदाराच्या बाजूचा वकील विचारतो तेव्हा, असं, आणि उलटतपासात तर त्याहून मजा. साक्षीदार ओरडतो, "काय पण बोलता का साहेब!" आणि कागदावर उतरतं: "हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे."

त्या दिवशी एक मासे विकणारी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. खटल्याचा तपशील सांगणार नाही, सांगूही नये. आरोपी पळताना दिसला का, असं विचारल्यावर ती जे बोलली त्याचा नूर साधारण असा होता: दिसला म्हणजे काय, माझ्याच टोपलीत पाय घालून गेला मेला, सरंगे तुडवले, आणि वर मलाच म्हणतो बाजूला हो. सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं आणि मी टंकलं: "आरोपी माझ्या समोरून पळून गेला."

टंकता टंकता माझी बोटं थांबली. ती बाई मीच होते. बावीस वर्षं मी कोळणीला, रिक्षावाल्याला, डॉक्टरला, पोलिसाला एकाच स्वच्छ प्रमाण मराठीत बोलायला लावत आले होते, तोच माझा पगार. घरी येऊन आजीच्या मेंबरांनाही मी तेच करायला लावलं होतं. माझ्या कादंबरीतला एक साचेवाला, म्हणजे लूम चालवणारा, रातपाळी करून आलेला गडी, आजीला म्हणत होता, "काकू, संप मिटला की मी आपली सर्व थकबाकी चुकती करीन." थकबाकी! चुकती!

मी चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं ते शोधून काढलं. प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचून देणाऱ्या, निवृत्त झालेल्या एक प्राध्यापक बाई निघाल्या, माहीमला राहणाऱ्या. फोनवर म्हणाल्या, "रविवारी या. येताना दादरला उतरून कढीपत्ता आणा, आमच्याकडे मेला वाळलेला मिळतो." पुढचे चौदा महिने, महिन्यातून दोन रविवार, मी कढीपत्ता घेऊन त्यांच्याकडे जात होते. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या कादंबरीतले वीस संवाद कात्रीने कापले, बोलणाऱ्यांची नावं काढून टाकली, आणि पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "ऑफिसात कुणाला तरी द्या. सगळी माणसं कोण कोण आहेत ते आधी सांगा आणि कुठलं वाक्य कुणाचं ते ओळखायला सांगा." आमच्या कोर्टातले वरिष्ठ कारकून, म्हणजे शिरस्तेदार, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत हा उद्योग मनापासून केला. वीसपैकी तीन बरोबर. त्यातही एक नशिबानं, असं ते स्वतःच म्हणाले.

दुसऱ्या रविवारी मला वाटलं, आता बाई मला पात्रं कशी रंगवायची ते शिकवतील. त्यांनी पुस्तकांची यादी दिली आणि म्हणाल्या, "गोष्ट वाचू नका. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वाक्य कोण बोलतंय आणि तुम्हाला पान का उलटावंसं वाटलं, एवढंच समासात पेन्सिलीनं लिहा. पुस्तक ग्रंथालयाचं असलं तर वहीत." पुस्तकं ग्रंथालयाचीच होती. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासूनचं. तिथल्या काही प्रतींमध्ये माझ्याआधीच कुणीतरी पेन्सिलीनं भांडून ठेवलेलं होतं.

सगळ्यात आधी 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊ आपट्यांनी ती 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. मी ती शाळेत असताना 'सामाजिक कादंबरी' म्हणून पाठ केली होती, म्हणजे वाचलीच नव्हती. आता वाचताना हसू आलं, कारण सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक पुरुष यमू नावाच्या मुलीच्या तोंडून इतकं घरगुती बोलत होता की मधेच लेखकाचं नाव विसरायला होत होतं. केशवपन, बालविवाह यांवर तिथे भाषण कमी. कोण कुणाला काय टोचून बोललं हेच जास्त. यमू तक्रार करत नाही, सांगत जाते, आणि रागवायचं काम आपल्यावर येतं. मी वहीत लिहिलं: "राग वाचकाला येऊ द्यायचा. पात्राला आधीच आला तर वाचकाला काय उरलं?"

हे इतकं पटलं की मी अख्खी कादंबरी काकीच्या, म्हणजे आजीवरून बेतलेल्या खानावळवालीच्या तोंडून, 'मी' करून लिहायला घेतली. एक महिना, साठ पानं. बाईंनी दहा पानं वाचून विचारलं, "ही हे सगळं कुणाला सांगतेय? आणि कधी? बावीस माणसांच्या भाकऱ्या थापून झाल्यावर?" यमू लिहायला-वाचायला शिकलेली असते, तिनं आपली कहाणी लिहिणं हाच तिच्या आयुष्यातला एक पराक्रम आहे. माझी काकी उधारीच्या वहीत मेंबरांची नावं, आकडे आणि रेघोट्यांपलीकडे काही लिहीत नव्हती. साठ पानं गेली. त्याचं वाईट वाटलं नाही म्हणणार नाही.

'कोसला' मी कॉलेजात असताना मुलांच्या तोंडून ऐकली होती. सगळे जण दोन वर्षं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून बोलायचे, आणि मला ते भयंकर वाटायचं. नेमाड्यांची ही कादंबरी 1963 ची. आमच्या पोरांपर्यंत ती तीस वर्षांनी लकब म्हणून पोचली होती. या वेळी पेन्सिल घेऊन वाचली तेव्हा कळलं की ते 'वगैरे' चाळा नाही. पांडुरंग सांगवीकर त्याच्या आडोशाला उभा असतो. ज्याला काहीच गंभीरपणे घ्यायचं नाही असं दाखवायचं आहे, तो प्रत्येक गोष्टीला 'वगैरे' लावून तिची धार काढतो. मग त्याची धाकटी बहीण जाते, आणि तो आडोसा त्याला पुरत नाही. तिथे मी लोकलमध्ये होते, मुलुंड सोडलं होतं, आणि मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. त्याआधीची शंभर-दीडशे पानं त्यानं थट्टा केली नसती तर ती पानं इतकी लागली असती का? मला नाही वाटत. ओळखीचा आवाज असतो म्हणूनच तो चिरकला की कळतं.

उद्धव शेळक्यांची 'धग' आणि भाऊ पाध्यांची 'वासूनाका' मी मुद्दाम पाठोपाठ वाचल्या. 1960 आणि 1965. 'धग'मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि कौतिक व तिच्या भोवतालची माणसं अस्सल वऱ्हाडी बोलतात. 'वासूनाका'त पोक्याच सांगतो, नाक्यावरच्या पोराच्या भाषेत. मधे कुणी सभ्य गृहस्थ उभा राहून 'ही मुले अशी का वागतात' हे समजावत नाही. ती आली तेव्हा अश्लीलतेची ओरड झाली होती, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं: वाचकाचा हात धरायला कुणी नव्हतं. दोन्ही पद्धती चालतात. मला त्यातली कुठलीच जशीच्या तशी चालत नव्हती, हे कळायला मात्र दोन महिने लागले.

इथे मी बाईंशी भांडले. म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणता प्रत्येकाचा आवाज वेगळा हवा. मग 'ययाति'चं काय? ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघं आळीपाळीनं बोलतात, आणि तिघांच्याही उपमा खांडेकरांच्याच बागेतल्या. 1959 ची कादंबरी, 1974 चं ज्ञानपीठ, आणि आमच्या सासूबाईंनी ती चार वेळा वाचली आहे. वाचक कुठे अडला?"

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. तिथे लोक खांडेकरांनाच भेटायला जातात. तो आवाज त्यांनी कमावला होता, निवडला होता. तुम्ही तुमचा निवडलाय का? तुमच्या पानांवरचा आवाज तुमचा नाही, सरकारचा आहे." यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. तरी मला आजही वाटतं की वेगवेगळ्या आवाजांचा आग्रह जरा अतीच धरला जातो. वाचक एखाद्या लेखकाच्या नुसत्या वाक्यांच्या चालीवर भाळतो आणि पात्रं थोडी पुसट असली तरी चालवून घेतो. फक्त ती चाल असावी लागते.

माझी चाल सापडली ती एका क्रियापदात. जुन्या खर्ड्यात पहिलंच वाक्य होतं: "सुमती पहाटे चार वाजता उठे." पुढे 'शेगडी पेटवी', 'पीठ मळी', 'गडी जेवून जात'. दोन पानं सगळं 'उठे-जाई-करी'. बाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. तिसऱ्या ओळीला मलाच आकाशवाणीवर असल्यासारखं वाटायला लागलं. मग 'उठायची', 'पेटवायची', 'मळायची' केलं. एवढाच बदल. पण 'उठे' म्हणणारा माणूस लांब खुर्चीत बसून बोलतो आणि 'उठायची' म्हणणारा त्याच चाळीत राहिलेला असतो. मी तीनशे पानांतले 'केले' 'गेले'सुद्धा 'केलं' 'गेलं' करत बसले. शेवटच्या प्रकरणात, काकी गेल्यानंतरच्या दोन पानांत, मात्र मी मुद्दाम 'उठे' परत आणलं. तिथे ती लांबच जायला हवी होती.

मग नाव. कादंबरीभर मी तिला 'सुमती' म्हणत होते. बाईंनी विचारलं, "चाळीत तिला सुमती कोण म्हणतं?" कुणीच नाही. सातारा-सांगलीकडचे गडी 'काकी' म्हणायचे, मालवणी 'गो वयनी', शेजारीण 'सुमे', रेशनवाला 'खानावळवाली', आणि नवरा हाकच मारायचा नाही, नुसता खाकरायचा. मी निवेदनातून 'सुमती' काढून 'काकी' केलं आणि निवेदन आपोआप मेंबरांच्या पंगतीत जाऊन बसलं. सुमती हे नाव आता अख्ख्या पुस्तकात एकदाच येतं, रेशनकार्डावर. पात्राची ओळख करून द्यायला मी आधी जे दीड पान खर्च केलं होतं ते या हाकांनीच भागवलं.

आणि मराठीत एक सोय आहे, तिचा मी इतकी वर्षं फायदाच घेतला नव्हता. "आज पैसे देतो म्हणाला होता मेला." हे वाक्य कुणाचं? 'देतो' हा शब्द गड्याचा, 'म्हणाला होता' सांगणाऱ्याचं, आणि 'मेला' काकीचा. एका ओळीत तीन माणसं, अवतरणचिन्ह एकही नाही. तिला काय वाटलं ते सांगायला 'तिला वाटले की' लागतच नाही. आपण घरी सगळे असंच बोलतो. कोर्टात मात्र हे वाक्य तीन तुकड्यांत उतरवावं लागतं.

बोलीच्या बाबतीत मी जाम आपटले. एकदा जोर चढला तेव्हा सगळ्या मालवणी मेंबरांना मी पानभर मालवणी बोलायला लावलं. संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवायचा नेम ठेवला होता. त्या ब्याऐंशीच्या, कोरेगावकडच्या, मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेलं. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला. "काय बोलतोय गं ह्यो? मला कळंना." घाटी गड्यांच्या बोलण्यावर मात्र त्यांचा पहारा होता. "आमच्याकडं असं नाय म्हनत. 'लिवून ठेव' म्हनंल त्यो." त्यामुळे तो साचेवाला आता थकबाकी वगैरे म्हणत नाही. दारात उभा राहून म्हणतो, "लिवून ठेव काकी. पळून नाय जात." आणि मालवणी गड्याचं मी सगळं काढून एकच वाक्य ठेवलं. तो दोन महिने पैशाचा विषयच काढत नाही, गावाहून येतो आणि पिशवी पुढे करून म्हणतो, "आवशीन नारळ धाडल्यान." सासूबाई लगेच म्हणाल्या, "बुडवनार ह्यो." मी कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं.

वाचक कशानं अडकतो हे मला या दोन वाक्यांनी जितकं शिकवलं तितकं कुठल्या व्याख्यानानं नाही. तरी बाईंनी एकदा फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराचं सांगितलंच. त्यानं 1927 साली केंब्रिजला कादंबरीवर व्याख्यानं दिली, त्यात पात्रांचे दोन प्रकार केले, सपाट आणि भरीव. भरीव पात्राची परीक्षा अशी, की ते आपल्याला चकित करू शकतं आणि तरीही पटतं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तुमची काकी मला कंटाळा आणते. सगळ्यांना पोटभर घालते, कुणाचं वाईट चिंतत नाही. असं माणूस पाहिलंय तुम्ही? खरं सांगा."

मला राग आला. ती माझी आजी होती. पण परतीच्या गाडीत, कुर्ला येईपर्यंत, आठवायला लागलं. आजीकडे आमटी दोन प्रकारे वाढली जायची. पैसे वेळेवर देणाऱ्याला डाव तळातून यायचा, डाळीसकट. पैसे थकवणाऱ्याला वरून. कुणाला उपाशी उठवायची नाही, पण डावाची खोली तिच्या हातात होती. गडी ताटात बघायचे आणि काही न बोलता जेवायचे. एक जण मात्र असा होता, त्यानं महिनोन् महिने पैसे दिले नाहीत आणि त्याला डाव तळातूनच यायचा. का, ते मी सहा वर्षांची असताना विचारलं नाही. नंतर विचारायला आजी नव्हती.

हे मी लिहिलं आणि मावशीला दाखवलं. मावशी आठवडाभर बोलली नाही. मग फोनवर, "आईला असं दाखवलंस? पाणी वाढायची ती?" मी तिला समजावत बसले की ही कादंबरी आहे, ही तुझी आई नाही. ते तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नव्हतं. पण पान ठेवलं. ते पान वाचताना सासूबाई उठून बसल्या होत्या आणि बाईंनी समासात फक्त उभी रेघ मारली होती. त्यांच्याकडून उभी रेघ म्हणजे पदक.

एकदा हे जमलं म्हटल्यावर खरी कापाकापी सुरू झाली. जुन्या खर्ड्यात संपाच्या तिसऱ्या महिन्याबद्दल असं होतं: "सुमती ही अत्यंत प्रेमळ स्त्री होती. कामगारांवर ओढवलेल्या संकटाची तिला पूर्ण जाणीव होती व म्हणूनच ती त्यांच्याकडे पैशांसाठी तगादा लावीत नसे." असली चाळीस पानं होती. त्यांच्या जागी उधारीची वही आली. वहीत प्रत्येक मेंबराचं एक पान, जेवल्या दिवसाची उभी रेघ, खाड्याची फुली. आता तिथे एवढंच आहे: "सावंताच्या पानावर फेब्रुवारीच्या अठ्ठावीस रेघा होत्या, मार्चच्या एकतीस. एप्रिलचं पान तिनं काढलं, वर सावंत लिहिलं, आणि रेघ न मारता तांदळाच्या डब्यामागे वही सारून दिली." सावंत रोज जेवत होताच. रेघा का नाहीत, हे मी सांगत नाही. बाई म्हणाल्या, "आता मला तुमच्याकडे उत्तर मागावंसं वाटतंय. देऊ नका."

चुका पुढेही झाल्या. न सांगण्याची इतकी चटक लागली की मधल्या दोन प्रकरणांत काय चाललंय तेच कळेना. संप कशासाठी होता हे सुद्धा मी गाळून बसले होते, हे शिरस्तेदारांनी दाखवून दिलं. ते स्वतः डिलाईल रोडचे, म्हणजे गिरणगावातलेच. "मॅडम, आजच्या पोरांना बोनस आणि बदली कामगार म्हणजे काय ते माहीत नाही. एक ओळ टाका की." टाकली. माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी याच सुमारास परत वाचली. त्यातला मास्तर धनगरांच्या वाडीत नवखा आलेला असतो, त्यामुळे त्याला जे विचारावं लागतं ते वाचकालाही कळत जातं आणि कुणी शिकवतंय असं वाटत नाही. मग मी खानावळीत एक नवा मेंबर आणला, सोळा वर्षांचा, नुकताच बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागलेला, ज्याला काहीच ठाऊक नाही. तो येडा सगळ्यांना प्रश्न विचारतो. माझी किती पानं त्यानं वाचवली.

दुसरा खर्डा 208 पानांचा झाला. शिरस्तेदारांना पुन्हा वीस पट्ट्या दिल्या. सतरा बरोबर आल्या आणि तीन चुकल्या त्याबद्दल त्यांनीच दिलगिरी व्यक्त केली. बाईंकडे गठ्ठा देऊन आले आहे. त्या आता नव्यानं, काहीच माहीत नसल्यासारखं वाचणार आहेत म्हणे, पावसाळा संपेपर्यंत फोन करू नका अशी ताकीद आहे. प्रकाशकाचं पुढचं पुढे.

परवा सासूबाईंना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं, तेच 'उठे'वालं. काकी गेलेली आहे, खोली विकायची आहे, मुलगा सामान आवरतोय. डबे, पातेली, शेगडी, पोळपाट. वाचून संपवलं आणि कागद खाली ठेवले. सासूबाई डोळे मिटून होत्या, मला वाटलं झोपल्या. दिवा घालवायला उठले तर म्हणाल्या, "आनि वही?"

वही. तांदळाच्या डब्यामागची. एकशे तीस पानं जिच्यावर सगळं फिरत होतं ती वही शेवटच्या प्रकरणात कुठेच नव्हती. मुलानं डबा हलवला होता, मागे काय होतं ते मी लिहिलंच नव्हतं, न सांगायचं ठरवून नाही, तर साफ विसरून.

"विसरले आई," मी म्हटलं.

"तू इसरलीस. ती न्हाई इसरायची." त्या कुशीवर वळल्या. "माळ्यावर बघ म्हनावं त्या पोराला. पितळी घंगाळात आसंल."